बॅटरी ग्रिप आणि सहा सेल

बॅटरी ग्रिप हातात आली, तेव्हा कॅमेऱ्याला लावायच्या आधी मी ती तासभर नुसती उलटीपालटी करून पाहिली. मी मारेगावचा, लग्नाचे फोटो काढणारा. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा हा ठोकळा, आत दोन बॅटऱ्या. त्या संपल्याच तर सहा पेन्सिल सेलचा वेगळा ट्रे. घड्याळाच्या सेलवर एवढा कॅमेरा चालतो? हट्, माझा काही विश्वास बसेना!

मग एका खेड्यात, विहारात लग्न होतं. आदल्या दिवसापासून लाइन नाही, माझ्या दोन्ही बॅटऱ्या संपलेल्या. त्या साली कापसानं सगळ्यांनाच झोपवलं होतं, जनरेटर कोण आणतो? मी तोंड पाडून ट्रेचं सांगितलं, तर नवरीच्या मामानं सहा घरांतली घड्याळं उतरवून सेल आणले. अन् कॅमेरा चक्क सुरू झाला!

नवरी हळूच म्हणाली, "दादा, माहा अन् मायचा एक फोटो काढजा. आमचा दोघीचा एकबी नाही." नवरा सुरतला कामाला, ती थेट तिकडंच जाणार होती. माय जेवण वाढण्यात गुंतलेली. "हात धुऊन येतो," म्हणे, अन् पुन्हा वरणाची बादली उचले.

तोवर हार घालून झाले. "दाखवा नं भाऊ, कसा आला?" जो तो म्हणे, अन् मी हौशी, प्रत्येक फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. पडदा सेल खातो हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण किती वेळ चालतात, हे मलाच पाहायचं होतं.

माय आली तेव्हा पडदा काळा. "रेडिओचे सेल असेच जागे होतेत," म्हणत तिनंच ट्रेतले सेल टिनाच्या छपरावर उन्हात ठेवले. गाडीवाला हॉर्न वाजवून राह्यलता. सेल पुन्हा घातले, दोघी चिकटून उभ्या राहिल्या, मी बटण दाबलं. खट्ट झालं अन् सगळं बंद.

"आला का भाऊ?" मायनं विचारलं.

"आला," मी म्हणालो.

मारेगावला बॅटरी भरून पाहिलं. तो फोटो नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्यानं दोन्ही बॅटऱ्या भरून मी त्या मायच्या दारात गेलो. सगळं खरं सांगितलं. म्हटलं, "उभ्या राहा, पाहिजे तेवढे काढतो."

तिनं ग्रिपवरून एकदा हात फिरवला.

"एकटीचा कायले, भाऊ?"