पाठ करून बसणारे तात्या

जनावर तपासायला आलेला माणूस त्या जनावराकडेच पाठ करून बसतो, हे मी फक्त तात्यांच्या बाबतीत पाहिले. गाय असो, शेळी असो की कुत्रे, तात्या त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसत, तोंड दुसरीकडे करत आणि सदऱ्याच्या टोकाने सावकाश चष्मा पुसत राहत. मालकाची चुळबुळ सुरू होई. "तात्या, दुखणं हिकडं हाय," असे कोणीतरी म्हणेच. तात्या मान न वळवता सांगत, "ठावं हाय. आधी तिला मला बघू दे. तिचं बघून झालं की मग माझी पाळी."

ते पिंपळीचे. इंदापूर तालुक्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत त्यांनी ड्रेसर म्हणून सगळी नोकरी काढली. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचेपर्यंत जनावर धरून ठेवायचे, हे त्यांचे काम. लोक सवयीने त्यांना डॉक्टर म्हणत. तात्या तिथल्या तिथे दुरुस्ती करत, "डॉक्टर आत हायेत. मी धरणारा."

माझी त्यांची ओळख मात्र पुस्तकांमुळे. मी बारामतीत एका ग्रंथालयात काम करते. निवृत्तीनंतर तात्या दर गुरुवारी बाजाराला आले की आमच्याकडे येत. पिशवीत मेथीची जुडी, तिच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुस्तक. ते फक्त चरित्रे नेत, आणि तीही अर्धीच वाचत. एसटीचे तिकीट बरोबर मधल्या पानात राहिलेले असे. एकदा मी न राहवून विचारले, "तात्या, पुढचं का नाही वाचत?"

"पुढं माणूस मोठा व्हतो, बाई. मग नुसत्या सभा आन् सत्कार. त्यात काय वाचायचं?"

माझ्या आठवणीत त्यांनी एकच चरित्र शेवटपर्यंत वाचले. त्यातला माणूस अखेरपर्यंत मोठा झाला नव्हता.

काटेवाडीचा एक शेतकरी आमचा सभासद होता. तात्यांची एक गोष्ट मला त्याने सांगितली. त्याने नवा गोठा बांधला, दूध काढायचे यंत्र बसवले, पाण्यासाठी लोखंडी हौद आणला, आणि गाय पाणी पिईना. हौदापर्यंत तोंड नेई आणि मागे सरके. डॉक्टरांनी जीभ पाहिली, घरच्यांनी दृष्ट काढली, पाणी तीन वेळा बदलून झाले. तात्या नेहमीप्रमाणे पाठ करून अर्धी सकाळ बसले. मग उठले, चपला काढल्या, गाय उभी होती त्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि हौदाला हात लावला. हात झटकन मागे आला. यंत्राची वायर कुठेतरी उघडी पडून हौदात बारीक करंट उतरत होता. "तुमी समदे रबरी चपला घालून तपासताय," तात्या म्हणाले. "गाईला चपला हायेत का?"

मी त्यांना हे सांगून त्यांचे कौतुक केले, तर ते म्हणाले, "हात चांगलाच झिणझिणला व्हता. तेवढंच आठवतंय."

त्यांचे आणखी एक वाक्य होते, जे मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून फार कमी ऐकले आहे. "मला न्हाय कळलं." हे ते खाली मान घालून म्हणत नसत. किती वाजले हे सांगावे तसे सांगत. "आज न्हाय कळलं. उद्या बघू."

आमच्या ठमीच्या वेळी मला या वाक्याची किंमत समजली.

ठमी ही माझ्या आईची मांजरी. चौदा वर्षांची, करड्या रंगाची. आई शेवटचे वर्षभर अंथरुणावर होती आणि ठमी दिवसभर तिच्या खाटेखालच्या गोणपाटावर झोपून असे. आई गेली, खाट आवरली, पाहुणे परतले, आणि ठमी ओरडायला लागली. म्यांव नव्हे. पोटातून उठणारा, लांब, घोगरा, चढत जाणारा आवाज. पहाटे एकदा, दुपारी दोन-तीनदा. खाऊन-पिऊन झालेले असे, कुठे लागलेले नसे. खोलीच्या मध्यावर उभी राहून ती ओरडे, आणि मी समोर आले की थांबे.

मला वाटले, ती आईला शोधते आहे. खरे सांगायचे तर मला ते बरे वाटत होते. मला मोठ्याने रडता येत नाही. घरात कोणीतरी आईच्या नावाने हंबरडा फोडते आहे, याचा मला आधार होता.

पण आमच्या समोर मंदाकाकू राहतात. मधे एकच अंगण, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर. त्यांच्या सुनेचे, प्रियांकाचे, दिवस भरत आले होते. त्याआधीचे एक मूल सातव्या महिन्यात गेले होते. ठमी ओरडायला लागली की मंदाकाकू खिडकीत येऊन पळीने थाळी बडवत आणि "हाड! हाड!" करत. ठमी ढिम्म हलत नसे.

"काय निगरगट्ट मांजर गं हे! लाजबिज काही न्हाय," त्या म्हणत. एके दिवशी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "हे बघ, मी वाईट न्हाय. तुझी आई माझी मैत्रीण व्हती. पण मांजराचं रडणं माझ्या दारात नको. मागच्या येळंला बी एक बोका असाच रडायचा. आमच्या दिरांचा टेम्पो सोमवारी नरसिंहपूरला जातोय. पोत्यात घालून दे, ते संगमापल्याड सोडत्याल. पाणी ओलांडलं की मांजर माघारी येत न्हाय."

मी वाद घालू शकले नाही. अशुभ वगैरे मी मानत नाही, पण समोर बसलेल्या बाईची भीती पुस्तकातली नव्हती. तिने एक नातवंड पुरलेले होते. सोमवारपर्यंत काहीतरी करते, एवढेच मी म्हणाले.

गुरुवारी तात्यांना सांगितले, तसे ते पुस्तक न बदलताच माझ्याबरोबर घरी आले. आम्ही पोचलो तेव्हा ठमी ओरडत होती आणि समोर थाळी वाजत होती. तात्या ठमीकडे पाठ करून बसले. बऱ्याच वेळाने ती त्यांचा सदरा हुंगून गेली, तेव्हा त्यांनी तिला अलगद मांडीवर घेऊन तोंड उघडले. "हे बघा. दाढ सडलीया. म्हणून वरडतीया." शुक्रवारी गावातल्या डॉक्टरांनी दाढ काढली. शनिवारी दुपारी ठमीने खोलीच्या मध्यावर उभे राहून पूर्वीपेक्षाही मोठा सूर लावला.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "गप झाली का?" मी नाही म्हणाले. रविवारी सकाळी ते न बोलावता दारात उभे.

"चुकलो, बाई. दाढ दिसली आन् मला लई बरं वाटलं, कारण घावलं म्हणून. दाढ खराब व्हतीच. पण त्ये कारण न्हवतं." मग अंगण ओलांडून ते मंदाकाकूंच्या दाराशीही गेले आणि तेच म्हणाले, "काकू, मी सांगितलेलं चुकलं. आज परत बघतो."

"बघा की," काकू म्हणाल्या. "पण टेम्पो उद्या सकाळी जातोय हां, तात्या."

या वेळी त्यांनी ठमीला हातही लावला नाही. आमच्या उंबऱ्याशी बसून राहिले. ठमी कोपऱ्यात झोपली होती. ती जागी झाली, तिने इकडेतिकडे पाहिले, पण तात्या आणि मी दाराआड असल्याने तिला दिसत नव्हतो. तिने सूर काढला. समोरच्या खिडकीत थाळी खणखणली.

"काकू," तात्या ओरडले, "परत वाजवा!"

"आँ?"

"परत वाजवा म्हणतो. जोरात."

"आता ह्यांना गंमत वाटाया लागली!" काकू आतल्या कोणाला तरी म्हणाल्या, आणि रागाने दणादण वाजवू लागल्या. माझ्या कानठळ्या बसल्या. तात्या मात्र ठमीच्या कानांकडे पाहत होते.

"काकू, थाळी घिऊन हिकडं या."

त्या तणतणत आल्या. तात्यांनी त्यांना ठमीच्या मागे दोन हातांवर उभे केले. "आता हाणा." काकूंनी हाणली. ठमीने पुढचा पंजा उचलला, चाटला आणि तोंड पुसले. तिचा कान केसभरही हलला नाही.

काकूंचा हात खाली आला. "अगं बया! बहिरी हाय व्हय ही?"

"ठार," तात्या म्हणाले. "मांजराचा कान झोपेत बी फिरतो. गुरुवारी तुमी थाळी वाजवली तवाच मला दिसाया पायजे व्हतं. मी दाढंच्या नादात व्हतो."

महिनाभर आम्ही रोज तिच्यापुढे थाळी वाजवत होतो, आणि ती ऐकत नाही म्हणून तिला निर्लज्ज ठरवत होतो.

"मग रडती कशाला?" काकूंनी विचारले.

"रडत न्हाय वो. तिला सोताचा आवाज ऐकू येत न्हाय, म्हणून एवढा मोठा निघतो. झोपंतनं उठली की आधी खाटंवर माणूस दिसायचं. आता कोण दिसत न्हाय आन् ऐकू बी येत न्हाय. म्हणून इचारतीया, कोण हाय का हितं."

मी विचारले, "म्हणजे आईसाठी नाही?"

तात्या म्हणाले, "तुमाला तसं वाटत आसंल तर मी कशाला मोडू? पण तसंच धरून बसलात तर तिची सोय कोण बघणार?"

मला त्यांचा राग आला होता. आईच्या मागे रडणारे एकुलते एक जनावर त्यांनी माझ्याकडून काढून घेतले होते. तो राग त्यांना दिसला असणार. ते काही समजावत बसले नाहीत. त्यांनी ठमीचे गोणपाट उचलले आणि खोलीभर फिरून शेवटी खिडकीच्या रुंद कट्ट्यावर अंथरले. तिथून समोर मंदाकाकूंचे स्वयंपाकघर पूर्ण दिसत होते.

"बाई धा ते सा कामावर असत्यात. तिला माणूस दिसलं पायजे. तुमी दिवसभर ओट्यापाशीच असता, काकू."

"म्हंजे मी तिची राखण करू? माझी सून भरल्या दिवसाची..."

प्रियांका दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, मला त्या मांजराचं काही वाटत नाही. तुमच्या थाळीनं मात्र दर वेळी पोटात धस्स होतं."

काकूंनी थाळी पदराआड घेतली. आम्ही कोणी हसलो नाही, पण तात्या लगबगीने चष्मा पुसू लागले.

जाताना त्यांनी मला बजावले. तिला मागून हात लावायचा नाही. खोलीत शिरताना फरशीवर पाय आपटायचा, ती हादऱ्याने ओळखेल. "आन् बंद व्हईल असं न्हाय. कमी व्हईल." सोमवारी टेम्पो पोत्याशिवाय गेला. ओरडणे खरोखरच कमी झाले. चारच दिवसांत मंदाकाकू खिडकीतून लाटणे हलवून ठमीला "हाय गं, हितंच हाय मी" असे सांगताना मला दिसल्या. तिला ऐकू येत नाही, हे माहीत असूनही. प्रियांकाला मुलगी झाली. तिच्या बारशाचे पेढे काकूंनी सगळ्यांत आधी पिंपळीला पाठवले.

तात्या गेल्या महिन्यात गेले. गुरुवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत, आणि मग त्यांच्या मुलाचा, अण्णांचा, फोन आला.

मी तेराव्याला पिंपळीला गेले. दारापुढच्या लिंबाखाली मांडव घातला होता, माणसे खूप होती. मांडवासाठी तात्यांची म्हैस तिच्या जागेवरून काढून गोठ्याच्या मागच्या बाजूला बांधली होती. जेवणे सुरू व्हायच्या सुमारास ती हंबरू लागली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. पंगतीतली कुजबूज बंद झाली. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मुक्या जनावराला बी कळतंय, धनी गेला." माझ्या शेजारच्या बाईने हुंदका दिला. मला तिथेच बसून ते ऐकत राहावेसे वाटत होते. इतक्या लोकांत तात्यांसाठी एवढ्या मोकळेपणाने दुसरे कोणीच हाक मारत नव्हते.

तरी मी पानावरून उठले आणि गोठ्यामागे गेले. सकाळी तिथे सावली असणार. आता भर दुपारी ती सरकून भिंतीपाशी गेली होती आणि दावे तिथपर्यंत पोचत नव्हते. म्हशीची पाठ हाताला चटका बसेल इतकी तापली होती.

म्हशीचे दावे सोडायचे मला धाडस नव्हते. मी अण्णांना बोलावून आणले. "अण्णा, म्हैस उन्हात आहे."

"आरं तिच्या! सकाळधरनं कोणाच्या ध्यानातच न्हाय," ते म्हणाले. त्यांनी तिला सावलीत नेऊन बांधले, दोन बादल्या पाणी अंगावर ओतले. म्हशीने एक लांब उसासा टाकला आणि ती गप्प झाली.

मांडवातून त्याच म्हातारीचा आवाज आला, "गप झाली गं बया." त्या आवाजात थोडी निराशा होती. पंगत पुन्हा बोलू लागली, वाढप्यांची ये-जा सुरू झाली. अण्णा हात पुसत निघून गेले.

रडणे आता आम्हा माणसांकडे उरले होते. माझ्या वाट्याचे मी तिथेच, गोठ्याच्या भिंतीला धरून, आवाज करून रडले.