दिवसा लावलेलं दार

शनिशिंगणापूर आमच्या गावापासून सायकलच्या टप्प्यात. तिथल्या घरांना दारंच नसतात. आमच्याकडे दारं होती, पण ती रात्री कुत्रं आत शिरू नये एवढ्यासाठीच. दिवसा कुणी दार लावलं की गाव दोनच अर्थ काढी. एक तर घरात कुणी आजारी आहे, नाही तर भांडण चाललंय. आमच्या घराचं दार भर सकाळी, सगळी आळी जागी असताना, माझ्या लहानपणी एकदाच आतून लागलं. बाहेर पहाऱ्याला मी होते, आणि तिथं मी जे बोलून गेले ते गाव अजून विसरलेलं नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. आईनं लपवलेल्या लाडवांचा डबा पाहुण्यांना मीच दाखवायचे. चुलत्याचं लग्न ठरल्याची बातमी, अजून ठरायची होती तेव्हाच, मी पिठाच्या गिरणीत सांगून आले होते. अशा पोरीला पहाऱ्याला बसवणं म्हणजे मांजराला दुधापाशी बसवणं. पण घरात दुसरं कुणी नव्हतं.

हनुमान जयंतीचा सप्ता चालू होता. सात दिवस कीर्तन, आणि रोज दुपारी देवळापुढं अख्ख्या गावाला आमटी-भाकरी. आमटी देवळाच्या आवारात, मोठ्या काहिलीत गडीमाणसं करत. भाकरी घरोघरच्या. प्रत्येक आळीचा एक वार ठरलेला, आणि त्या दिवशी घरटी एक पायली पिठाच्या भाकरी द्यायच्या. दहाच्या सुमारास ट्रॅक्टरची ट्रॉली आळीतून फिरे. आत स्वच्छ धोतरं अंथरलेली असत आणि बायका आपापल्या भाकरींची चवड त्यावर नेऊन ठेवत. आमटी गड्यांची, भाकरी बायकांची, ही वाटणी कुणी केली होती देव जाणे. चार-चारशे माणसांची आमटी भर चौकात ढवळणाऱ्या पुरुषांना घरी भाकरीच्या पिठाला हात लावायची मात्र लाज वाटे.

माझ्या आईची भाकरी नावाजलेली होती. तिलाही ते पक्कं ठाऊक होतं. ट्रॉलीत चवड ठेवताना ती वरची भाकरी उगाच जराशी सारखी करायची, म्हणजे बघणाऱ्यांनी बघावं.

त्या वर्षी आमच्या आळीच्या वाराला चार दिवस राहिले असताना आई चिंचेवरून पडली. चिंचा झोडायला गडी लावला होता, पण तो फार सावकाश झोडतो असं आईचं मत पडलं. पदर खोचून ती स्वतःच झाडावर चढली. उजवा हात मनगटात मोडला आणि कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. गडी नंतर मला म्हणाला, "सावकाश झोडत हुतो, पर खाली हुतो का न्हाई?"

शेजारच्या काकी लगेच आल्या. शेजार म्हणजे भिंतीला भिंत. त्या म्हणाल्या, "जाऊबाई, तुमची पायली आमी चौघी वाटून घेतो. हाय काय आन न्हाई काय."

आई म्हणाली, "माझ्या घरची पायली माझ्याच चुलीवरनं जाईल."

"कशी जाईल? डाव्या हातानं थापनार व्हय?"

"थापीन."

आणि खरंच, वाराच्या दिवशी पहाटे उठून तिनं डाव्या हातानं थापायला घेतली. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तुटली. दुसरी तव्यावर पोचली, पण तीन तुकड्यांत. मग मी बसले. माझी भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि मध्ये भोक. आईनं ते भोक पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मोडला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की पिठाचे हात तोंडाला लावून मीही रडायला लागले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उंबऱ्यात बसून दात घासत होते. अण्णा म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद. जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. आवाज असा की आखाड्यात त्यांना कधी भोंगा लागला नाही. घरात मात्र पाण्याचा तांब्याही हातात द्यावा लागे. चहात साखर कमी झाली तर साखरेचा डबा कुठं असतो हे त्यांना माहीत नसावं, असा आमचा समज होता.

त्यांनी चूळ भरली. बाहेर दोन्हीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "तू ओट्यावर बस. कुनी आलं तर आत सोडायचं न्हाई. आन आत काय चाललंय ते तुझ्या तोंडातनं गेलं, तर बघ."

मी बाहेर आले आणि माझ्या मागं दार लागलं. पण आमच्या दाराच्या फळीत बोटभर फट होती, आणि मी दहा वर्षांची होते.

फटीतून पाहिलं तर अण्णा हात धुऊन, सदऱ्याच्या बाह्या वर करून, चुलीपुढं मांडी घालून बसलेले. त्यांनी पिठात आधण ओतलं, मळलं, गोळा केला. थप थप थप, परातीत गोळा गरागरा फिरायला लागला आणि बघता बघता ताटाएवढा झाला. दोन्ही हातांवर अलगद उचलून तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली, चुलीपुढच्या निखाऱ्यांवर उभी केली, आणि भाकरी टम्म फुगली. अशी फुगलेली भाकरी मी फक्त आईच्या हातची पाहिली होती.

आईचा आ वासलेला. मग तिला कंठ फुटला.

"अवं! बारा वर्सं झाली लग्नाला! बारा वर्सं मी हितं धुरात बसतीया, आन तुमाला भाकरी येतीया?"

"हळू बोल."

"कवा शिकला?"

"आमी सहा भाऊ. बहीन न्हाई. धाकट्याच्या येळंला आईची कंबर धरली ती धरलीच. थोरला मी. कोन करनार?"

"मग आजवर बोलला का न्हाईत?"

अण्णा पुढचा गोळा थापत म्हणाले, "आईनं शपथ घातली हुती. म्हनली, कुनाला सांगू नको, न्हाईतर लगीन व्हायचं न्हाई. लगीन झाल्यावर तू लई चांगल्या करायला लागली. मग कशाला सांगू?"

आईनं डाव्या हातानं कणगीशेजारची उशी उचलली आणि त्यांच्या पाठीत मारली. एकदा, दोनदा. आणि हसायला लागली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अण्णा थापता थापता मिशीत हसत होते. माझे आईवडील एकमेकांशी इतकं हसताना मी त्याआधी पाहिलेच नव्हते. माझं काळीज आनंदानं असं भरून आलं की आत्ता ओरडून साऱ्या आळीला सांगावं.

तेवढ्यात काकी आल्या. हातात तिखटमिठाची वाटी, म्हणजे निमित्त.

"दार का गं लावलंय?"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून आवाज येत होता. थप थप थप.

"काय चाललंय आत?"

दहा वर्षांच्या डोक्यात जे पहिलं आलं ते मी बोलले. "भांडण."

काकींनी वाटी ओट्यावर ठेवली आणि शेजारी बसल्या. बराच वेळ लागणार, अशा बेतानं बसल्या. आतून पुन्हा थप थप. काकींचा चेहरा बदलला. त्या उठल्याच. "अगं, हात मोडलेल्या बाईला मारतुया का काय! सर, मी बघते!"

त्या दाराला हात घालणार, एवढ्यात मी ओरडले, "अण्णा न्हाई मारत! आई मारतीया, अण्णांना!"

काकी जागच्या जागी थांबल्या. आतून थप थप चालूच होतं, आणि मध्येच आईचं खदखदून हसणं.

"आन हसतीया व्हय गं?" काकी हळू आवाजात म्हणाल्या.

मी होकाराची मान हलवली.

काकींनी दाराकडे एकदा पाहिलं. मग वाटी तिथंच विसरून घरी गेल्या. जाताना त्यांच्या चालण्यात काहीतरी नवीन होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

दहा वाजता ट्रॉली आली तेव्हा आमची चवड तयार होती. मी आणि आई ती घेऊन गेलो. आईनं वरची भाकरी सारखी केली, सवयीप्रमाणे, डाव्या हातानं. बायका भाकरी बघत होत्या आणि आईच्या प्लास्टरकडे बघत होत्या, पण कुणी काही विचारलं नाही. काकींची बातमी आमच्या चवडीच्या आधी पोचली होती. डाव्या हातानं वस्तादाला बडवणारी बाई डाव्या हातानं भाकरी थापणार नाही तर काय!

दुपारी पंगत बसली. अण्णा आमटीची बादली घेऊन वाढत होते. तालमीत शिकलेली तरणी पोरं त्यांच्याकडे बघून माना खाली घालून हसत होती. ज्यांच्यापुढं गावातले पहिलवान वाकून उभे राहत, त्या माझ्या अण्णांचं मी एका वाक्यात हसं करून टाकलं होतं. माझ्यासमोर एक म्हातारे बाबा भाकरी आमटीत कुस्करत होते. पातळ, कडेपर्यंत सारखी, वर पापुद्रा सुटलेली. मी ती लांबूनही ओळखली. बाबा शेजाऱ्याला म्हणाले, "ही भाकर कुन्या माउलीच्या हातची हाय, तिचं हात एकदा बघाया पायजेत."

अण्णा तिथंच बादली घेऊन उभे होते. त्यांनी बाबांना दोन पळ्या आमटी जास्त वाढली.

संध्याकाळी मी सगळं कबूल केलं. वाटलं होतं, आता मार बसणार. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "असू दे. बायकोचा मार खातो, एवढंच म्हनत्यात ना? भाकरी थापतो असं तर न्हाई म्हनत."

आई पदर तोंडाला लावून हसली. आणि तेच ठरलं. वीसेक वर्षं अण्णांनी त्या आळावर एक शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही. माझ्या तोंडात भिजलेला तो एकच तीळ.

आता मी पुण्यात राहते. गावाला स्लॅबची घरं झाली, गॅस आले, सप्त्याची भाकरी मात्र अजून घरोघरून ट्रॉलीतच जाते. या वर्षी सप्त्याला मी लेकीला घेऊन गेले. आईच्या बोटांचे सांधे धरलेत, थापणं होत नाही. मला भाकरी येते, पण आईच्या चवडीत ठेवण्यासारखी नाही. सकाळी अण्णा उठले, हात धुतले, आणि परसातल्या चुलीपुढं बसले. तो पहारा आठवून मी दार लावायला गेले.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "उघडं राहू दे दार. आता कुनाची भीती? माझं लगीन झालंय."

मी दार सताड उघडलं. सकाळचं ऊन थेट ओसरीत आलं. अण्णा पांढऱ्या मिशीला पीठ लागलेलं तसंच ठेवून थापायला लागले. थप थप थप. माझी लेक त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. मला इतकं बरं वाटलं, जणू माझ्याच डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं.

आवाज ऐकून शेजारून काकी आल्या. आता काठी टेकत येतात. दारातून आत आल्या, परसापर्यंत गेल्या, आणि थबकल्या. अण्णांच्या हातात गोळा फिरत होता. त्या बघत राहिल्या, मग आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी तवा तो आवाज..."

"व्हय काकी," मी म्हणाले. "भाकरीचा."

काकी मटकन पायरीवर बसल्या. "अगं पोरी! त्या दिवशी घरी गेले आन आमच्या ह्यांना म्हनले, शेजारनीनं वस्तादाला डाव्या हातानं बडवलाय, माझे तर दोन्ही हात धड हायेत. त्या दिसापासनं आमच्या म्हाताऱ्यानं माझ्यावर कवा हात उगारला न्हाई. वीस वर्सं!"

अण्णांचा हात परातीत थांबला.

भिंतीपलीकडून काकांचा खोकला ऐकू आला. ते चपला शोधत होते, म्हणजे इकडेच येणार. काकी काठी टेकत लगबगीनं उठल्या, ओसरीपर्यंत गेल्या आणि आमचं दार आतून लावून घेतलं.

"थापा भावजी," त्या कडीवर हात ठेवून म्हणाल्या. "जरा जोरात थापा."