चुकीच्या बाजूचा करंट

"कपाळाला हे काय झालंय?" मी विचारलं.

पेशंटच्या उजव्या भुवईच्या वर दोन लाल गोल चट्टे होते.

"करंट दिलाय की मॅडम. थोडाच," त्याचा धाकटा भाऊ सर्जेराव म्हणाला.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात. लोक पेशंटला काय काय लावून आणतात हे मला ठाऊक आहे. हळद, चुना, लिंबू. करंट पहिल्यांदाच.

पेशंट तानाजी, उचगावचा, दुधाचा धंदा. सकाळी धार काढताना उजवा हात पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. सर्जेराव कागलच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. घरात त्याला इंजिनिअर समजतात.

सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. वेळ उरला होता, पण फार नाही. त्यात रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, तोही मी सांगितला. तिथंच सर्जेराव अडला.

"धोका हाय म्हणताय, मग कशाला? करंटच द्या. व्हिडिओ बघितलाय मी. मेंदू वाचतोय."

पंचाईत अशी, की व्हिडिओ अगदीच खोटा नव्हता. गुठळी अडकली की मधल्या पेशी लगेच मरतात. भोवतालच्या काही तास उपाशी पण जिवंत असतात. उपाशीपोटी त्या उगाच धावपळ करतात आणि लवकर संपतात. डोक्यावरून हलका करंट दिला तर त्या जरा गप्प बसतात, तग धरतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांवर तपासणं अजून चालू आहे. एवढं सगळं मी त्याला भराभर सांगितलं.

"म्हंजे बरोबरच केलं की मी!"

"कशानं दिलात?"

"मल्टिमीटरची बॅटरी, दोन वायरी, मिठाच्या पाण्यातला स्पंज. गाडीतच."

"आणि उजव्या बाजूला का?"

"उजवा हात गेलाय न्हवं?"

"अहो पावणं, उजवा हात डावा मेंदू चालवतो. आजारी बाजू ती. तुम्ही धडधाकट बाजूला करंट दिलात."

इतका वेळ तानाजीचा हात धरून बसलेली त्याची बायको शालनताई ताडकन उठली.

"भावजी, व्हतं तेवढं चांगलं बी बिघडवाय निघालाय व्हय? सरका बाजूला! मॅडम, द्या इंजेक्शन. कुठं सही करू?"

इंजेक्शन सुरू झालं. सर्जेराव बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. मी झापायला गेले होते, पण तोच बोलला.

"दादा डोळ्यादेखत चालला हुता मॅडम. नुसतं बसवंना. कायतरी कराय पायजे हुतं."

मग झापणं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी तानाजीनं हात उचलला. बोबडं का होईना, बोललाही. पहिला शब्द भावाला उद्देशून होता, इथं छापता येणार नाही. वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा लाजल्या. सर्जेराव मात्र आनंदानं रडला.

तानाजीला आजही शर्टाची बटणं शालनताई लावून देते. धार काढणं जमत नाही, पण दुधाच्या गाडीत बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत पूर्वीसारखीच घालतो.

मेंदूला करंट देऊन पेशी वाचवायचं शास्त्र पक्कं होईल तेव्हा मीही वापरेन. तोवर कुणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडलं, तर त्याला थेट हॉस्पिटलात आणा. वाटेत काही करायचंच असेल, तर हॉर्न वाजवा.