भुयाराचं तोंड

आमच्या उपनगरातल्या स्टेशनालगत आता रुळांखालून भुयारी मार्ग गेला आहे. पूर्वी तिथे फाटक होतं आणि फाटकाला लागून माझं दोर-ताडपत्रीचं दुकान. फाटक पडलं की केळीचे ट्रॅक्टर थांबत. चालक खाली उतरून भार बघत आणि दोर घेत. बैलबाजारातली दलाली सोडून हे दुकान मी एकट्याने उभं केलं होतं.

भुयाराची आखणी झाली, तेव्हा गाड्या माझ्या दुकानाच्या पन्नास फूट आधीच खाली उतरणार होत्या. उतार दुकान ओलांडून सुरू व्हावा, एवढंच मला हवं होतं.

पाहणीला आलेला इंजिनियर तरुण, बाहेरगावचा. चहा पाजला. चार लोकांत उघड बोलणं बरं नाही, म्हणून बाजाराच्या रीतीने त्याच्या हातावर उपरणं टाकलं, आत त्याची पाचही बोटं धरून दाबली आणि म्हणालो, "साहेब, एवढं पुढं सरकवा." बाजारात पाच बोटं म्हणजे बोलण्याप्रमाणे पाच, पन्नास किंवा पाचशे; इथे पन्नास फूट. त्यानेही हसून माझा हात दाबला. माझ्या लेखी सौदा झाला. शेजारी हरकतीचे अर्ज द्यायला निघाले, तर मीच अडवलं, "कशाला? काम झालं."

खोदकाम मूळ खुणेवरच सुरू झालं. मी तिथे जाऊन आवाज चढवला, "जबान देऊन फिरता?"

"कसली जबान, काका? मला वाटलं, तुम्ही आशीर्वाद देताय."

मजूर खो-खो हसले. ते हसणं मला अजून बोचतं.

घरी सांगितलं, तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "कागद लिखी दिधा व्हता का?"

"बैलाचा सौदा कागदावर होतो का?"

"भुयार का बैल शे?"

फाटकाच्या जागी भिंत आली. एक हंगाम मी हट्टाने तिथेच बसलो. गिऱ्हाईक यायचं ते दोन-चार, तेही पायी. मग उताराच्या तोंडाशी पंक्चरवाल्याची अर्धी शेड भाड्याने घेतली. तिथे कुणाला थांबावं लागत नाही, म्हणून एक निळी ताडपत्री रस्त्याकडे ताणून बांधतो, चालकाला लांबून दिसावी. धंदा निम्म्यावर आला, पण बंद पडला नाही.

मध्यंतरी तोच इंजिनियर गाडी थांबवून ताडपत्रीचा भाव विचारू लागला. मी सांगितला. त्याने घासाघीस केली, चांगली केली. मी एक रुपयाही सोडला नाही.