मर्टच्या वखारीतला सार्जंट

आयर्लंडमधल्या मॉय नदीकाठच्या त्या गावात सार्जंट जार्लथ पॅडननं मर्ट मुनलीला दोनदा पकडलं होतं. एकदा चोरून धरलेल्या सामन माशांसकट, आणि एकदा कर न भरलेल्या ट्रकसकट. दोन्ही वेळा मर्टनं दंड भरला आणि कोर्टाच्या पायरीवरच सार्जंटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी पोलिसातून निवृत्त झालेला जार्लथ त्याच मर्टच्या वखारीत नोकरी मागायला गेला, तेव्हा गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

त्याचं असं झालं. पोलिसांची पेन्शन त्याला होतीच. पण सहासष्टाव्या वर्षी बाकीच्या गावाला मिळते ती सरकारी पेन्शन त्याच्या नशिबी नव्हती. जुन्या भरतीच्या पोलिसांच्या पगारातून सरकारी विम्याचा हप्ता कमी दरानं कापला जाई, त्यावर ती मिळत नसे. "दुसरी नोकरी धरून पूर्ण दराच्या हप्त्याचे पाचशे वीस आठवडे भरा," चौकशी कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "आणि छप्पन्न पूर्ण व्हायच्या आत सुरुवात करा."

त्याच्याबरोबरचे निवृत्त पोलीस यावरून सरकारला शिव्या घालत गोल्फ खेळत. जार्लथ घरी येऊन बायकोला म्हणाला, "दहा वर्षं. धडधाकट माणसाला त्यात काय जड आहे?"

"जड काही नाही," कन्सेप्टा म्हणाली, "पण तुला ठेवून घेणार कोण? अर्ध्या गावाला तू दंड केलायस."

'माणूस पाहिजे' अशी पाटी एकाच दारावर होती.

मर्टनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे मी मालक आणि तू गडी?"

"हो."

"सांगेन ते उचलशील?"

"पोती उचलीन. मासे नाही."

मर्ट हसता हसता खोकायला लागला. "सोमवारी आठला ये, सार्जंट. उशीर झाला तर दंड."

जार्लथला उशीर कधी झालाच नाही. पशुखाद्याची पोती, कुंपणाचे खांब, सिमेंट, सगळं त्यानं वाहिलं. गिऱ्हाइकं सुरुवातीला "सार्जंट, लायसन्स दाखवू का?" म्हणून चिडवायची. तो म्हणायचा, "दाखव की. मुदत संपलेलीच असणार." दोन वर्षांत त्याला कुणाची गाय कधी विणार तेसुद्धा तोंडपाठ झालं. मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वर्षभर घरी बसावं लागलं, ते आठवडे हिशेबातून गेले. बरा झाला तसा पुन्हा आठला हजर.

पासष्टी उलटली आणि मर्टनं वखार विकायला काढली. पाठ साथ देत नव्हती, मुलगी ऑस्ट्रेलियात. जार्लथला अजून एकोणीस आठवडे हवे होते.

"त्यात काय एवढं?" मर्ट म्हणाला. "तू घरी बस. कागदावर नाव राहू दे, हप्ता मी भरतो. कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय ना! तिसऱ्यांदा पकडायला लावू नकोस मला."

"मरायला टेकलास तरी पोलीसच राहणार तू!" मर्ट तणतणत निघून गेला. दोन दिवस बोलला नाही. जार्लथनं बाजारात तीन ठिकाणी विचारून पाहिलं. सगळ्यांनी चहा पाजला, काम कुणीच दिलं नाही. तरी तो रात्री शांत झोपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मर्ट दारात. "विकत घेणाऱ्याला जागा मोकळी हवी आहे. मागचे चारही पत्र्याचे गोठे उतरवायचेत, वासे वेगळे, लोखंड वेगळं."

जार्लथनं डोळे बारीक केले. "काम खरं आहे?"

"ये आणि बघ. पाठ मोडेल एवढं खरं आहे."

अख्खा हिवाळा दोघं म्हातारे पावसात भिजत पत्रे उतरवत होते. मर्ट शिडी धरायचा आणि शिव्या द्यायचा. कन्सेप्टा दुपारी गरम सूप आणि ब्राउन ब्रेड घेऊन यायची आणि दोघांनाही झापायची. एकोणीस आठवडे भरले, तेव्हा चौथा गोठा अर्धा उभाच होता. जार्लथनं तोही पुरा उतरवला.

सहासष्टावा वाढदिवस झाल्यावर पत्र आलं. पेन्शन मंजूर. पूर्ण दराची नव्हे, भरलेल्या वर्षांच्या प्रमाणात, दर शुक्रवारी पोस्टात मिळणारी. जार्लथनं ते दोनदा वाचलं आणि कन्सेप्टाच्या हातात दिलं.

"मग? आता तरी घरी बसशील?" तिनं विचारलं.

"बसेन की," तो म्हणाला. "शुक्रवारी पोस्टात जाऊन आल्यावर."