म्हाताऱ्याचा खोकला

त्या म्हाताऱ्याचा खोकला मी खरा मानला, एवढी मी बावळट. सोलापुरात तेव्हा नायलॉनच्या साड्यांचं खूळ होतं आणि मला ते जरा जास्तच होतं. साड्यांचं दुकान मुलाकडे सोपवून म्हातारा दारातल्या स्टुलावर बसायचा. पण पन्नाशीच्या त्या मुलाचा हात नायलॉनकडे गेला, की म्हातारा खोकायचा. हात मुकाट हातमागाच्या इरकलीकडे वळायचा.

तीन हेलपाटे फुकट गेले. चौथ्यांदा वैतागून, आणि दया येऊनही, मी सिद्धेश्वराच्या प्रसादाच्या खडीसाखरेचा मोठा खडा म्हाताऱ्याला दिला. प्रसाद थुंकवेना, आणि खडा तोंडात असताना खोकताही येईना. तो नुसता डोळे वटारत राहिला. मुलानं भराभर सहा नायलॉनच्या साड्या पसरल्या. माझी बांधून देताना हळूच म्हणाला, "अक्का, उद्या बी प्रसाद घेऊन या की. दुकानाची पाटी बदलायची हाय."