तळाचं वरण

लातूर जिल्हा झाला तेव्हा आधी पाट्या आल्या, मग टेबलं आली आणि टेबलांवरचं काम सगळ्यांत शेवटी आलं. मी आरोग्य खात्यात कारकून होतो. मधल्या रिकाम्या काळात आमच्या साहेबांनी सकस आहाराचं प्रदर्शन काढलं. मांडव घातला, प्लॅस्टरची अंडी करवून घेतली, पुठ्ठ्याच्या ताटात पिवळा रंग ओतून त्याला वरण म्हटलं. प्रमुख पाहुणे प्रथिनांवर बोलले. प्रथिनं म्हणजे काय हे त्यांनाही बोलता बोलताच कळत गेलं असावं. पुढ्यातले काजू त्यांनी भाषणाआधीच संपवले होते. ज्या गावाच्या हवेत डाळगिरण्यांचा भुस्सा उडतो, त्या गावाला डाळ खा म्हणून सांगायला मांडव लागला. टाळ्या मात्र मनापासून वाजल्या.

घरी आलो तर माय वरणाचं वरचं पाणी पीत बसलेली.

तिच्या पायांना सूज होती. डॉक्टरांनी घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. "अंगात प्रथिनं कमी पडलीत," ते म्हणाले. "डाळ खात जा आजी. पातळ नको, घट्ट."

"डाळ तर रोजच खाते की," माय म्हणाली.

रोज तिच्या ताटात वरण असायचं हे खरं. पण तिची वाढायची एक रीत होती. पातेलं उतरवलं की ते न ढवळता ती पळी अलगद तळाला न्यायची आणि पहिलं घट्ट वरण एका पितळी वाटीत काढायची. वाटीवर झाकण ठेवून ती भिंतीच्या कोपऱ्यात सरकवायची. मग आम्हाला वाढायची. शेवटी जे पाणी राहील ते तिचं. सकाळी ती वाटी शेजारच्या शेळीपुढे रिकामी व्हायची. लग्न होऊन नवीनच आलेल्या माझ्या बायकोनं एकदा हळूच विचारलं, "कुणाची आहे ती वाटी?"

"अक्काची," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगावं लागलं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही हिमायतनगरकडे आमच्या गावी होतो. वडील आधीच गेले होते. माय दम्यानं घरी, आम्ही धाकटी भावंडं अजून हाताशी न आलेली. त्यामुळं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला थोरली बहीण जायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो. कामावर मजुरांना सुकडी मिळायची. गहू, डाळ, शेंगदाणे भाजून दळलेलं, गूळ घातलेलं कोरडं पीठ. सरकारनं विचार करूनच दिलं असणार, कारण खडी फोडणाऱ्याच्या अंगात काहीतरी राहावं लागतं. अक्का संध्याकाळी दारात येऊन पदराची गाठ सोडायची. पिठाचा तो खरपूस वास घरात तिच्या आधी शिरायचा.

"तू खाल्लीस का गं?" माय रोज विचारायची.

"खाल्लं की मी तितंच. ही उरल्याली हाय."

"लई उरती गं तुमच्याकडं."

"मुकादम माज्यावर खूश हाय," ती म्हणायची आणि हसायची. आम्ही बोटं चाटत असायचो.

उन्हाळ्यात तिला ताप आला. साधाच होता, तसलाच ताप आम्हालाही येऊन गेला होता. आमचा उतरला. दवाखान्यातला कंपाउंडर तिचं मनगट धरून म्हणाला, "हिच्या अंगात कायच न्हाई की." ती गेल्यावर तिच्या शेजारी खडी फोडणारी एक बाई भेटायला आली. मायजवळ बसली आणि म्हणाली, "कवा तोंडात घातली न्हाई बघा तिनं. एकच माप मिळायचं. म्हणायची, घरी लहानगे हायत." ती बाई सांत्वनालाच आली होती.

त्या संध्याकाळपासून वाटी भरू लागली. गाव सुटलं, जिल्हा बदलला, वाटी लातुरात आली. झाकणाचा तो बारीक आवाज झाला की आजही मला वाटतं, दारात कुणीतरी गाठ सोडतंय.

हे ऐकल्यावर बायको कामाला लागली. तिनं मायला अंडं उकडून दिलं, ते वाटीत गेलं. दूध दिलं, तेही वाटीत. सूज पोटऱ्यांपर्यंत चढली. मी प्रदर्शनातला तक्ता आणून भिंतीला लावला. माय म्हणाली, "चांगला रंगवलाय."

मग एक दिवस बायकोनं स्वतःच्या ताटातलं घट्ट वरण मायच्या ताटात ओतलं आणि म्हणाली, "घ्या आत्याबाई. मी खाल्लं मघाशीच." हे तिनं मुद्दाम म्हटलं की सहज, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मायचा हात घासावरच थांबला. ती बायकोच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कुटं खाल्लंस?"

"आतच की."

"मी न्हाई बघितलं."

माय भिंतीला धरून उठली. कोपऱ्यातली वाटी आणली, झाकण काढलं आणि सगळी बायकोच्या ताटात उपडी केली. "माज्या म्होरं खा."

"तुमीबी खा मग. न्हाईतर मी खात न्हाई."

"हट्ट करून राहिलीस माज्याशी?"

"हाव."

दोघी समोरासमोर बसल्या. माय तिचा प्रत्येक घास बघत होती, तो गिळला जाईपर्यंत. एक घास तिचा झाला की एक हिचा. माझ्या ताटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सूज हळूहळू उतरली. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं, साहेबांनी प्रदर्शनाला. वाटी माय पुढंही रोज भरायची आणि कोपऱ्यात ठेवायची. पण आम्ही जेवायला बसलो की ती स्वतःच उठून परत आणायची आणि निम्मी निम्मी करायची. आमच्या घरात "मी खाल्लंय" हे वाक्य तेव्हापासून चालत नाही. पाहुणा जरी म्हणाला, तरी माय ताट वाढून त्याच्यासमोर बसायची आणि त्याचं तोंड हलेपर्यंत जागची उठायची नाही.